आफ्रिका : समुद्रापलीकडचा शेजार

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले की पाण्यावाचून काही दिसत नाही. पण शाळेतला नकाशा उघडा, मालवणवर बोट ठेवा आणि १६ उत्तर अक्षांशावरून ते सरळ डावीकडे न्या. अरबी समुद्र ओलांडला की येमेन, मग तांबडा समुद्र, आणि त्यापलीकडे आफ्रिका. सुदानची राजधानी खार्टूम या रेषेच्या किंचित खाली राहते. खंड संपता संपता, अटलांटिकच्या काठी, सेनेगलमधले सेंट लुई शहर जवळजवळ मालवणच्याच अक्षांशावर भेटते.

सूर्य दोघांनाही सारखाच. मग आपल्याकडे माड-पोफळी आणि तिथे रखरखाट, असे का? कारण वाऱ्यात आहे. जून आला की वारा विषुववृत्त ओलांडतो, केनिया-सोमालियाच्या किनाऱ्यालगत वेग घेतो, अरबी समुद्रावर बाष्प भरून घेतो आणि सह्याद्रीला धडकतो. म्हणजे आपला मृगाचा पाऊस आफ्रिकेच्या दारावरूनच येतो म्हणाना!

हा खंड केवढा? सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर, भारताच्या नऊपट. त्यात सहारा वाळवंट आहे, तशी कांगोची घनदाट अरण्येही आहेत. ऐन विषुववृत्ताजवळ ५,८९५ मीटर उंचीच्या किलिमांजारोवर बर्फ आहे. देश ५४, आणि भाषा दोन हजारांच्या आसपास. तेव्हा ‘आफ्रिकी माणूस असा असतो’ असे एका वाक्यात सांगणे हे ‘आशियाई माणूस असा असतो’ म्हणण्याइतकेच फोल आहे.

आता आपल्या ताटाकडे या. नाचणीची भाकरी कोकणाला किती जवळची! पण नाचणीचे मूळ घर इथिओपिया-युगांडाकडील डोंगराळ मुलूख. ज्वारी, बाजरी आणि चवळीही मूळची आफ्रिकेचीच. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रानगवतातून कणसे निवडली, बी राखले, आणि फार प्राचीन काळी ते आपल्यापर्यंत आले. ज्यांच्या बियाण्यावर आपण पोसलो, त्यांना मागासलेले म्हणायचे तरी कोणत्या तोंडाने?

बियाण्याबरोबर माणसेही आली. पुष्कळदा स्वखुशीने नव्हे, तर गुलाम म्हणून विकली जाऊन. इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेला मलिक अंबर असाच आला. पुढे तो निजामशाहीचा कारभारी झाला. त्याने जमीनमहसुलाची घडी बसवली, खडकी शहर वसवले, तिथे नहरीने पाणी खेळवले, आणि गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. १६२६ मध्ये तो वारला.

जंजिऱ्याचे सिद्दीही मूळचे आफ्रिकेचे. त्यांच्यावर आणि फिरंग्यांवर वचक बसावा म्हणून शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. वैर झाले खरे; पण वैर बरोबरीच्या माणसाशीच होते, हेही ध्यानात घ्या.

पुढे युरोपीय सत्तांनी हा खंड वाटून घेतला. कोणत्या टोळीची कुरणे कुठवर, कोणाची भाषा कुठवर, हे न पाहता नकाशावर पट्टीने रेघा ओढल्या. आजच्या कित्येक सीमातंट्यांचे मूळ त्या रेघांत आहे. १९५७ साली घाना स्वतंत्र झाला, आणि एकट्या १९६० सालात १७ देशांवर त्यांचे स्वतःचे झेंडे चढले.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एकच विनंती. वर्गात आफ्रिकेचा नकाशा टांगाल तेव्हा ‘अंधारे खंड’ हा जुना शब्द वापरू नका. अंधार त्या भूमीवर नव्हता, बाहेरून पाहणाऱ्यांच्या माहितीत होता. एखादे पोर सावळ्या वर्गमित्राला ‘हबशी’ म्हणून चिडवू लागले, तर त्याला ओरडून गप्प बसवू नका. मूठभर नाचणी त्याच्या हातावर ठेवा आणि ती कुठून आली, ते त्यालाच नकाशावर शोधू द्या.