अंगठ्याची किंमत

(१ मे २०२५ रोजी मंडळाच्या कामगार दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चतुर्थी आली की गोव्याहून, पुण्याहून आपली गवंडी, सेंटरिंगवाली, सळी बांधणारी पोरं बेळगुंदीत परततात. गेल्या वर्षी आरतीच्या वेळी एकाला मी टाळ द्यायला गेलो, तर त्यानं उजवा हात खिशातून काढलाच नाही. नंतर कळलं, अंगठा नाही. तीन वर्षांपूर्वी गोव्यात फरशी कापताना मशीनमध्ये गेला. तेव्हा त्याचं वय तीस.

ठेकेदारानं दवाखान्याचं बिल भरलं, वर वीस हजार दिले. पण दवाखान्यात सांगायला लावलं, "घरी लाकूड तोडताना लागलं." आणि 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर सही घेतली. पोरगा मला म्हणाला, "दादा, चूक माझीच होती. ठेकेदार काही वाईट माणूस नव्हता."

नसेलही. पण आपण हिशोब करून बघू.

अपघात झाला तेव्हा १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा लागू होता. त्यात कोणता अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली, याचा तक्ताच दिला होता. अख्खा अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी १४, मधलं बोट १२, करंगळी ७. मजुरी महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपये धरत. तिचे ६० टक्के म्हणजे ९,०००. तिसाव्या वर्षासाठी कायद्यात २०७.९८ हा आकडा होता. दोन्हींचा गुणाकार १८,७१,८२०. त्याचे ३० टक्के, ५,६१,५४६ रुपये. आणि पोराच्या हातात पडले वीस हजार!

"चूक माझी होती" म्हणून हक्क जात नाही. काम करताना हात घसरला, लक्ष चुकलं, तरी भरपाई मिळते. दारू पिऊन काम केलं किंवा मशीनचं गार्ड जाणूनबुजून काढलं, तर मात्र अडचण येते. म्हणून पोरांनो, काम लवकर उरकावं म्हणून गार्ड काढू नका.

हक्क सोडल्याचा कागद कायद्यानं रद्दच ठरतो. तरी न वाचता, न समजता सही करू नका. कागद कन्नडमध्ये असेल तर जाणत्याकडून वाचून घ्या. बिल्डरनं ठेकेदाराला काम दिलं असेल तर ठेकेदाराबरोबर बिल्डरही जबाबदार असतो. अपघात गोव्यात झाला तरी गोव्याला खेटे घालायला नकोत. तुम्ही राहता तिथे, म्हणजे बेळगावातही, दावा लावता येतो. मुदत दोन वर्षं. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो. पण आपल्या पोराच्या केसपेपरवर 'घरी लागलं' असं लिहिलंय. खरी अडचण तिथेच आहे.

म्हणून माझं सांगणं एकच. दवाखान्यात पहिल्याच क्षणी खरं सांगा: कुठल्या साईटवर, कुणाच्या कामावर, कशानं लागलं. ते केसपेपरवर लिहून घ्या आणि कागद जपून ठेवा. माता-भगिनींनो, हे तुम्ही विशेष ध्यानात ठेवा, कारण केसपेपर काढायला बहुतेक वेळा तुम्हीच खिडकीपाशी उभ्या असता.

तुटलेलं बोट टाकून देऊ नका. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात ठेवायचं नाही. आणि लगेच मोठा दवाखाना गाठा.

शेवटचं, बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदवा. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कुणालाही नोंदणी करता येते. बायकांनाही. अर्ज भरायला अडलात तर रविवारी सकाळी माझ्या घरी या. मी सरकारी नोकर आहे, अर्ज भरण्याची सवय आहे.

त्या पोराचे कागद आम्ही गोळा करतोय. काय होईल ते होवो. यंदाच्या आरतीला त्यानं तो हात खिशात लपवू नये, एवढीच इच्छा.