अकरा विजय, दोन पराभव : गणपतराव देशमुख यांच्या निवडणुकांचे वाचन

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)

आमदाराच्या कारकिर्दीची मोजणी बहुधा विजयांच्या संख्येने केली जाते, आणि त्या मोजणीत सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आलेले शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख यांचे नाव महाराष्ट्रात सर्वांत वर येते. 1962 साली ते प्रथम निवडून आले. त्यानंतर 1967, 1974 ची पोटनिवडणूक, 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009 आणि 2014 असे विजय त्यांच्या नावावर आहेत. मधल्या 1972 आणि 1995 या दोन निवडणुकांत मात्र ते पराभूत झाले. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे आहे की या कारकिर्दीचा अर्थ अकरा विजयांपेक्षा या दोन पराभवांतून अधिक स्पष्ट होतो, आणि तो स्पष्ट होऊ शकतो याचे एकमेव कारण म्हणजे देशमुखांनी आयुष्यभर ना पक्ष बदलला, ना मतदारसंघ.

पक्षाच्या स्थापनेचा इतिहास, म्हणजे शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे यांचे काँग्रेसपासून दूर जाणे, 1950 चा दाभाडी प्रबंध आणि त्यातील मार्क्सवादी भूमिका, तसेच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील पक्षाचा वाटा, येथील श्रोत्यांस पुरेसा परिचित असल्याने त्याची पुनरुक्ती येथे केलेली नाही. मोहोळ तालुक्यातील पेनूरचा, वकिलीचे शिक्षण घेतलेला एक तरुण सांगोल्यात स्थायिक झाला आणि तालुक्यात सर्वजण त्यास ‘आबासाहेब’ म्हणू लागले, एवढी नोंद पुरेशी आहे.

निवडणुकीचा निकाल ‘वाचता येणे’ म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. उमेदवार, पक्ष, मतदारसंघ आणि काळ या चार गोष्टी प्रत्येक निकालामागे असतात. त्यांपैकी दोनतीन एकाच वेळी बदलल्या तर मतदाराने नेमके कशाविषयी मत दिले हे कोणासही सांगता येत नाही, जसे दर खेपेस वजने आणि माल दोन्ही बदलणाऱ्या तराजूवरून भाव ठरवता येत नाही. भारतातील दीर्घ कारकिर्दींकडे या दृष्टीने पाहिले तर फरक लगेच ध्यानात येतो. तमिळनाडूचे मु. करुणानिधी 1957 ते 2016 या काळात तेरा वेळा निवडून आले आणि विधानसभेच्या निवडणुकीत कधीही हरले नाहीत, परंतु कुळित्तलैपासून तिरुवारूरपर्यंत त्यांचे मतदारसंघ वेळोवेळी बदलत गेले. केरळचे के. एम. माणी यांनी पाला हा मतदारसंघ अखेरपर्यंत सोडला नाही, परंतु त्यांचा केरळ काँग्रेस हा पक्ष वारंवार फुटला आणि 1979 पासून त्यांच्याच नावाच्या आद्याक्षराचा गट उभा राहिला. या दोघांचे कर्तृत्व येथे कमी लेखलेले नाही. सांगोल्याच्या निकालांत पक्ष आणि स्थान हे दोन्ही घटक स्थिर आहेत, म्हणून तेथे उरलेला बदल काळाचा आणि लोकांच्या मनाचा आहे, एवढेच म्हणावयाचे आहे.

त्यातही ज्या पक्षाला देशमुख धरून राहिले तो वाढता पक्ष नव्हता. 1962 साली विधानसभेच्या 264 जागांपैकी 215 जागा काँग्रेसने जिंकल्या, आणि 15 जागा मिळवणारा शेतकरी कामगार पक्ष विरोधकांत सर्वांत मोठा ठरला. 1967 साली त्याच्या 19 जागा आल्या, 1978 साली 13, 1990 साली 8, 1999 साली 5, 2004 साली 2 आणि 2014 साली 3. निवडून येण्याची खात्री असलेल्या आमदारास सत्तेतील पक्षांची दारे नेहमीच उघडी असतात. तरीही देशमुख उतरत्या पक्षात राहिले, आणि म्हणूनच त्यांना मिळालेल्या मतांत पक्षाच्या लाटेचा अंश शोधू पाहणाऱ्यास तो सापडत नाही.

पहिला पराभव 1972 चा. बांगलादेशच्या युद्धानंतरची ही निवडणूक. काँग्रेसने 270 पैकी 222 जागा जिंकल्या आणि शेतकरी कामगार पक्ष 7 जागांवर आला. हा पराभव लाटेचा होता, असे म्हणून अभ्यासक पुढे जातात, आणि तेथेच त्यांची नजर अपुरी पडते. त्याच वर्षी महाराष्ट्रात शतकातील भीषण दुष्काळांपैकी एक दुष्काळ पडला आणि तो 1973 पर्यंत चालला. खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर लाखो माणसे उभी होती. म्हणजे सांगोल्यासारख्या तालुक्याला सभागृहात आवाजाची सर्वाधिक गरज होती त्या वेळी देशमुख सभागृहाबाहेर होते. दोन वर्षांनी, 1974 च्या पोटनिवडणुकीत, त्याच मतदारांनी त्याच पक्षाच्या त्याच उमेदवारास परत पाठवले. पक्ष तोच, माणूस तोच, गावे तीच; बदलला होता तो दुष्काळाने दिलेला अनुभव.

दुसरा पराभव 1995 चा, आणि तो अधिक बोलका आहे. त्या वर्षी राज्यभर काँग्रेसविरोधी वारे होते. 1990 मधील 141 जागांवरून काँग्रेस 80 वर घसरली आणि शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांची युती सत्तेवर आली. सांगोल्यात मात्र काँग्रेसचे शहाजीबापू पाटील 192 मतांनी विजयी झाले. शिवसेनेतील बंडाच्या वेळी गुवाहाटीच्या हॉटेलातून 2022 साली झालेल्या दूरध्वनी संभाषणामुळे हे नाव आज घरोघरी पोहोचले असले, तरी त्याकडे केवळ त्या प्रसंगावरून पाहणे सांगोल्यावर अन्याय करणारे आहे. देशमुखांविरुद्ध 1995 साली जिंकणारा, 2014 साली पुन्हा उभे राहून सुमारे 25,000 मतांनी हरणारा आणि तरीही तालुक्यातील राजकारण न सोडणारा हा प्रतिस्पर्धी जितका चिवट होता, तितकीच देशमुखांच्या विजयांची किंमत वाढते. 1972 चा पराभव लाटेबरोबर आला होता, 1995 चा लाटेच्या उलट आला. म्हणून तो मतदाराने थेट आपल्या आमदाराशी केलेला हिशेब मानावा लागतो. एकवीस वर्षे सलग प्रतिनिधित्व देऊनही शिवारात पाणी आलेले नाही, हा त्या हिशेबाचा आशय होता, असे येथे प्रतिपादन आहे.

पाण्याचा हा मुद्दा थोड्या विस्ताराने मांडणे आवश्यक आहे, कारण त्यावाचून सांगोल्याची कोणतीही निवडणूक समजत नाही. हा तालुका पर्जन्यछायेत, म्हणजे सह्याद्रीने ढग अडवल्यानंतर उरलेल्या पावसाच्या प्रदेशात येतो. माण नदी त्यातून वाहते, परंतु वर्षाचा बराच काळ तिचे पात्र कोरडे असते. कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजे राज्याराज्यांतील पाणीवाटप ठरवणाऱ्या बच्छावत आयोगाने, महाराष्ट्राच्या वाट्यास 560 अब्ज घनफूट पाणी दिले आणि 2000 सालानंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल असे ठरवले. वाटा मिळाला, पण तो अडवून दुष्काळी तालुक्यांपर्यंत पोहोचवण्याची यंत्रणा उभी राहिली नाही. म्हणून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने 1993 पासून आटपाडीत दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख हे तिचे प्रमुख आधार होते. तिची मागणी नुसत्या पाण्याची नव्हती, ‘समन्यायी’ वाटपाची होती, म्हणजे ज्याची जमीन कालव्याखाली आहे त्यालाच पाणी, ही रीत मोडून प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा हक्क मिळावा, अशी होती. 1996 साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि टेंभू, म्हैसाळ यांसारख्या उपसा सिंचन योजनांना, म्हणजे नदीचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून नेणाऱ्या योजनांना, गती आली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की याही वेळी देशमुख सभागृहाबाहेर होते, आणि परिषदेचे काम त्यांनी तसूभरही कमी केले नाही. आज सांगोला डाळिंबासाठी ओळखला जातो. पाणी मिळण्याच्या अंदाजावर आंबे, मृग की हस्त बहार धरायचा हे ठरवणारा, शेततळे आणि ठिबक यांवर बाग जगवणारा आणि तेल्या रोगाने बाग गेली तरी पुन्हा रोपे लावणारा शेतकरी आमदाराकडेही त्याच नजरेने पाहतो: एक हंगाम वाया गेला म्हणून तो शेत सोडत नाही, पण हिशेब मात्र चोख मागतो. कापूस न पिकणाऱ्या या तालुक्यात सहकारी सूतगिरणी आणि पुढे महिलांची सूतगिरणी उभी राहिली, तीही याच कोरडवाहू गरजेतून.

या प्रतिपादनावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला जातीचा: तालुक्यात धनगर समाज मोठ्या संख्येने आहे आणि देशमुख त्याच समाजातील होते, म्हणून ते निवडून येत, असे सांगितले जाते. परंतु 1990, 1995 आणि 1999 या नऊ वर्षांत तालुक्याची सामाजिक रचना बदलली नव्हती आणि निकाल मात्र दोनदा बदलला. जे स्थिर आहे ते बदलाचे कारण असू शकत नाही. दुसरा आक्षेप परिसीमनाचा, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखण्याचा. 2009 पासून सांगोल्याच्या सीमा बदलल्या आणि पंढरपूर तालुक्यातील काही गावे त्यात आली, हे खरे आहे. पण दोन्ही पराभव त्याआधीचे असल्याने मुख्य निष्कर्षास त्यामुळे बाधा येत नाही.

व्याख्यानमालेने आखून दिलेला वेळ संपत आल्याने देशमुखांचे विरोधी पक्षनेतेपद, 1978 च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारातील मंत्रिपद आणि 1999 साली विलासराव देशमुख यांच्या मंत्रिमंडळातील सहभाग यांचा केवळ उल्लेख करून पुढे जावे लागते. सुमारे अर्धशतकाच्या आमदारकीत सत्तेची वर्षे थोडीच होती, हे त्यावरून पुरेसे स्पष्ट होते.

2019 साली वयामुळे ते उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख 768 मतांनी शहाजीबापू पाटील यांच्याकडून पराभूत झाले. 30 जुलै 2021 रोजी गणपतरावांचे निधन झाले. 2024 साली दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख त्याच पक्षाकडून सुमारे 25,000 मतांनी विजयी झाले आणि विधानसभेतील पक्षाचे एकमेव सदस्य ठरले. येथे पक्ष आणि स्थान कायम राहून उमेदवार बदलला, आणि सांगोल्याने प्रथम नकार व नंतर होकार दिला. आडनाव हा वारसाहक्क नाही, हे त्या 768 मतांनी सांगितले. पक्षांतराच्या आजच्या काळात मतदाराची बुद्धी हरवली असे म्हटले जाते, परंतु हरवली आहे ती त्या बुद्धीची नोंद, कारण दर निवडणुकीस चिन्ह बदलणारे उमेदवार मतदारास स्पष्ट उत्तर देण्याची सोयच ठेवत नाहीत. सांगोल्यात ती सोय साठ वर्षे राहिली. तेथील गावनिहाय आणि केंद्रनिहाय मतांचा 1962 पासूनचा तपशील, त्या निवडणुका पाहिलेले कार्यकर्ते हयात आहेत तोवर त्यांच्या आठवणींसह, विद्यापीठातील तरुण अभ्यासकांनी गोळा केला पाहिजे. महाराष्ट्रातील मतदार आपल्या प्रतिनिधीला कसे पारखतो याचा त्याहून सलग पुरावा राज्यात दुसरीकडे मिळणे कठीण आहे.