काँक्रीटची गोरखचिंच



गेल्या वर्षी मार्चमध्ये आम्ही दोघं लेकीकडे फ्लोरिडाला गेलो होतो. तिथे ऑर्लँडोजवळ डिस्ने कंपनीचं 'ॲनिमल किंगडम' नावाचं मोठं उद्यान आहे. अर्धं प्राणिसंग्रहालय आणि अर्धी जत्रा, असं म्हटलं तर तुम्हाला अंदाज येईल. लेकीने महिनाभर आधी तिकिटं काढून ठेवली होती. निघायच्या दिवशी पहाटे ती स्वयंपाकघरात दशम्या बांधत होती, जावई गाडीत पाण्याच्या बाटल्या भरत होते, आणि सात वर्षांचा नातू बूट घालता घालता मला म्हणाला, "आजी, आणि वाघ झोपलेला असला तर?"

मी म्हटलं, "मग झोपलेला वाघ बघू." त्याचं समाधान झालं नाही. झोपलेला वाघ म्हणजे त्याच्या लेखी वाघ दिसलाच नाही.

गंमत अशी की हा प्रश्न त्याच्या आधी खुद्द वॉल्ट डिस्नेलाही पडला होता. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झालं. तिथे होडीतून जंगल दाखवणारी एक सफर आहे. काठावर खरे प्राणी असावेत असं डिस्नेच्या मनात होतं. जाणकारांनी त्याला सांगितलं की प्राणी दिवसा सावली धरून झोपतात, झुडपात दडतात. प्रत्येक होडीतल्या माणसांना ते दिसतीलच याची हमी देता येणार नाही. मग तिथे यंत्राचे प्राणी आले. कान हलवणारे हत्ती, जबडा उघडणारे पाणघोडे. ते कधी झोपत नाहीत.

पुढे ४३ वर्षांनी, २२ एप्रिल १९९८ रोजी, म्हणजे वसुंधरा दिनी, ॲनिमल किंगडम उघडलं आणि तिथे मात्र खरे प्राणी आणले गेले. त्याची आखणी करणारे जो रोडी यांची एक हकिकत सांगितली जाते. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख मायकेल आयस्नर यांना शंका होती, की नुसते जिवंत प्राणी पाहण्यात लोकांना काय थरार वाटणार? रोडींनी वाद घातला नाही. त्यांनी बैठकीच्या खोलीत एक जिवंत बंगाली वाघ आणवला. वाघाने काही करायची गरजच नव्हती. तो आत आला, आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाला उत्तर मिळालं. ही गोष्ट मी गाडीत नातवाला सांगितली. त्याने एवढंच विचारलं, "तो जागा होता ना?"

उद्यान पाचशे एकरांहून मोठं आहे. मधोमध १४५ फूट उंचीचं एक झाड उभं आहे, त्याला 'जीवनवृक्ष' म्हणतात. मी ३१ वर्षं शाळेत आणि मग महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझी नजर आधी पानांकडे गेली. एक लाखाहून जास्त पानं, सगळी माणसाने केलेली. बुंध्याच्या आत पोलादाचा सांगाडा आहे, समुद्रात तेल काढायला जे मनोरे उभारतात त्या धर्तीचा, म्हणजे चक्रीवादळाचं वारं सोसेल असा. आणि बुंध्यावर तीनशेहून जास्त प्राणी कोरलेले. मुळाच्या वळणातून मगर निघते, तिच्या पाठीवरून नजर वर सरकली की तिथे हत्तीची सोंड सुरू झालेली असते. आम्ही बराच वेळ झाडाभोवती फिरत होतो. अकरा वर्षांची नात एकेक प्राणी बोटाने दाखवत होती आणि हे तिला मराठी नावं सांगत होते. खवल्या मांजर, साळिंदर, घोरपड.

त्यातल्या एका प्राण्यापाशी मी दोघांना थांबवलं. बुंध्यावर एक चिंपांझी कोरला आहे. उद्यान तयार होत असताना चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडाल तिथे आल्या होत्या आणि त्यांनी विचारलं, यात चिंपांझी कुठे आहे? तो नव्हता. मग डेव्हिड ग्रेबिअर्ड कोरला गेला. हा कुणी कल्पनेतला प्राणी नव्हे. १९६० साली टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात याच नराला गुडालबाईंनी गवताची काडी वारुळात घालून वाळवी काढून खाताना पाहिलं. हत्यार फक्त माणूसच वापरतो, ही समजूत त्या एका काडीने मोडली. मी वर्गात हा प्रसंग कित्येक वर्षं सांगत आले होते. तो चिंपांझी असा दगडी अंगाने समोर भेटेल असं मनात नव्हतं. मला भरून आलं.

मग सफरीची उघडी मोटार. जिथून ती सुटते त्या आफ्रिकी गावाला 'हरांबे' नाव दिलंय. स्वाहिलीत त्याचा अर्थ सगळ्यांनी मिळून जोर लावू या, आणि केनियाचं ते ब्रीदवाक्यही आहे. मोटार निघाली आणि पहिल्या मोठ्या वळणावर मी जवळजवळ उभीच राहिले. समोर गोरखचिंच होती! जाडजूड राखाडी बुंधा, वरती मुळंच आकाशात खुपसल्यासारख्या आखूड फांद्या. मी लेकीचा दंड धरला. "अगं, आपली गोरखचिंच!"

ती हळूच म्हणाली, "आई, ती काँक्रीटची आहे."

श्रोतेहो, गोरखचिंच म्हणजे आफ्रिकेतला बाओबाब. समुद्रावरून ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर तो शेकडो वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर आला आणि इथलाच झाला. गोरखनाथांचं नाव त्याला मिळालं यावरूनच किती झाला ते कळतं. माझं माहेर वसईचं. वसईच्या किल्ल्यातल्या गोरखचिंचेला आम्ही पाच मैत्रिणी हात धरून वेढा घालायचो आणि तरी हात पुरायचे नाहीत. पुढे मुंबईत शिकवायला लागल्यावर दर वर्षी विद्यार्थिनींना भायखळ्याला राणीच्या बागेत न्यायची, ती मुख्यतः तिथल्या झाडांसाठी. गोरखचिंचेपाशी आमचा अख्खा तास जाई. बुंध्यात पाणी साठवणारं झाड, हाताच्या पंजासारखं पान, मखमली सालीचं लोंबतं फळ आणि आतला आंबट गर. आणि फूल! ओंजळीएवढं पांढरं फूल, लांब देठावर उलटं लटकणारं. ते संध्याकाळी उमलतं, रात्री वटवाघळं त्याच्यावर येतात, आणि दुसऱ्या दिवशी ते गळून पडतं. एका रात्रीचं आयुष्य.

फ्लोरिडात बांधलेला तो बाओबाब पाहून मला वाईट वाटलं, असं मात्र नाही. करणाऱ्याने सालीच्या सुरकुत्या सुद्धा जीव ओतून केल्या होत्या. तिथली वारुळं केलेली, खडकही केलेले. ज्या खडकावर सिंह बसतो तो आतून थंड-गरम ठेवतात, म्हणजे सिंहाला तिथेच बसावंसं वाटतं आणि आपल्याला तो दिसतो. कुठे कुंपण दिसत नाही. सिंह आणि हरणं एकाच माळावर असल्यासारखी वाटतात, मधला खंदक गवताच्या चढामागे लपवलेला असतो. ही युक्ती जुनी आहे. जर्मनीत हांबुर्गजवळ कार्ल हागेनबेकने १९०७ साली गजांशिवायचं प्राणिसंग्रहालय उघडलं, तेव्हापासूनची. माझ्या लहानपणी मात्र प्राणी म्हणजे गज असंच समीकरण होतं. वडिलांच्या खांद्यावर बसून मी पाहिलेला पहिला सिंह मला उभ्या पट्ट्यांमध्येच आठवतो. एका पट्टीत डोळा, दुसरीत आयाळ. माझ्या नातवंडांना सिंह आठवेल तो खडकावरचा, अख्खा. तो मोकळा नाही, हे मला ठाऊक आहे आणि नातीलाही ते कळत होतं. "आजी, त्याला पलीकडे उडी नाही मारता येत?" असं तिने विचारलं, तेव्हा मी खंदकाचं सगळं खरं सांगितलं. ती मग बराच वेळ गप्प होती.

आणखी एक बारीक गोष्ट. तिथे थंड पेयाच्या पेल्यांना प्लास्टिकची झाकणं नसतात आणि नळ्या कागदी असतात. वाऱ्याने उडून एखादी नळी प्राण्याच्या तोंडात गेली तर, म्हणून. फुगेही विकत नाहीत. नातवाचा पेला दोनदा कलंडला, सदरा भिजला, पण कारण कळल्यावर त्याने तक्रार केली नाही.

दुपारी आम्ही आशिया विभागात गेलो. डिस्नेच्या कलाकारांनी तिथे 'आनंदपूर' नावाचं एक काल्पनिक राज्य रचलंय, भारत, नेपाळ, इंडोनेशिया असं सगळं मनात ठेवून. पडझड झालेला राजवाडा, विटांतून डोकावणारी मुळं, पोपडे सुटलेल्या भिंतींवर जुनी चित्रं. मोडक्या कमानीतून पाहिलं की पलीकडे काळविटांचा कळप. तिथे आमच्या ह्यांना कंठ फुटला. ह्यांचं गाव नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं. काळविटांसाठी राखलेलं रेहेकुरीचं अभयारण्य त्याच तालुक्यात. लहानपणी रात्री ज्वारी राखायला मचाणावर बसायचे, पहाटे कळप शेतातून जायचा, आणि पुढच्या नराने उंच उडी घेतली की मागची सगळी त्याच जागी उडी घ्यायची, वाटेत काही असो वा नसो, हे सगळं त्यांनी मुलांना सांगितलं. आजूबाजूचे दोनतीन अनोळखी लोकही भाषा न कळता थांबून ऐकत होते, कारण ह्यांनी उडीची कमान हाताने काढून दाखवली होती. नातीने मला विचारलं, "आजोबांच्या घराजवळ खरंच हे होते?" अमेरिकेत जन्मलेल्या मुलीच्या डोळ्यांत आजोबांच्या गावाबद्दल तसा आदर मी पहिल्यांदाच पाहिला.

तिथून जवळच वटवाघळं. पंख पसरले तर पाच फुटांच्या आसपास जाणारी, फळं खाणारी मोठी जात. उलटा लटकून एक जण कलिंगडाची फोड पंखाच्या अंगठ्याने धरून खात होता. नातू आधी आईमागे लपला. मग मी त्याला गोरखचिंचेच्या फुलाची गोष्ट सांगितली. रात्री अंधारात हे तिथे जातं, तोंड फुलात खुपसतं, पराग अंगावर घेऊन दुसऱ्या झाडाकडे जातं, तेव्हा कुठे फळ धरतं. तो विचारात पडला. "मग त्या काँक्रीटच्या झाडाकडे हे कधीच जाणार नाहीत?"

"नाही जाणार."

"कुणी सांगितलं यांना की ते खोटं आहे?"

याचं उत्तर मी अजून शोधते आहे. वासाने कळतं, असं मी तेव्हा सांगितलं. ते बरोबरच आहे, पण त्याच्या प्रश्नाएवढं मोठं नाही.

मग वाघ आला. म्हणजे आम्ही वाघाकडे गेलो. वाघ जागचा हलला नव्हता. राजवाड्याच्या पडक्या कारंज्यापलीकडे सावलीत आडवा पडून झोपला होता. पोट हळूहळू वरखाली होत होतं. माणसं यायची, काचेशी क्षणभर थांबायची, पुढे जायची. नात आणि जावई तोवर एव्हरेस्टवाल्या रोलर कोस्टरला गेले होते. तो डोंगर २०० फुटांना अर्धा फूट कमी ठेवलाय; २०० फूट झाला तर विमानांसाठी वर लाल दिवा लावावा लागला असता. त्यांच्या किंकाळ्या दुरून येत होत्या. मी नातवाला म्हटलं, "चल, आपणही जाऊ."

तो म्हणाला, "थांब. तो श्वास घेतोय."

आम्ही पंचवीस मिनिटं तिथे उभे होतो. वाघाचा कान एकदा हलला, माशी बसली होती. नातवाने माझा हात दाबला. शेजारी एक मूल काच थोपटायला लागलं तेव्हा यानेच त्याला ओठांवर बोट ठेवून खूण केली. पहाटे ज्याला झोपलेला वाघ वाघच वाटत नव्हता, तो निघताना मागे वळून वळून त्या पिवळ्या पाठीकडे पाहत होता. यंत्राचा वाघ असता तर त्याने त्या पंचवीस मिनिटांत पन्नास वेळा डरकाळी फोडली असती, आणि आम्ही पाच मिनिटांत निघालो असतो.

एप्रिलअखेर आम्ही परतलो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्या सरी येऊन गेल्यावर मी एकटीच राणीच्या बागेत गेले. गोरखचिंचेला नवी पालवी आली होती आणि खाली ओल्या मातीत रात्रीची दोन फुलं पडली होती. एक चिखलात माखलेलं, दुसरं अजून शुभ्र, पुंकेसरांचा झुबका शाबूत. ते मी रुमालात गुंडाळून घरी आणलं आणि वाटीत पाणी घालून ठेवलं. संध्याकाळी साडेसहाला व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा तिकडे सकाळचे नऊ वाजले होते. फूल तोवर कडांना तपकिरी पडलं होतं, वासही उग्र यायला लागला होता. मी ते पडद्याजवळ धरलं. नातवाने दूध प्यायचं थांबवलं, तोंड अगदी पडद्याला लावून पाहिलं आणि विचारलं,

"आजी, पण काल रात्री वटवाघूळ येऊन गेलं का?"

मी भिंग आणलं आणि आम्ही दोघं पराग शोधायला लागलो.