जोर आणि स्वर

रशियन माणूस दुधाला लिहितो 'मोलोको', म्हणतो मात्र 'मलको'. सारा जोर शेवटच्या 'को'वर. आधीचे दोन्ही 'ओ' विरतात. आपल्या मराठीत जोर इतका ठळक नाही, तरी स्वर झिजतोच. वाशीचा शेतकरी 'कापूस' वेचतो आणि विचारतो, 'कापसाला' भाव काय? मधला 'ऊ' गेला कुठं? प्रत्यय लागला, शब्द लांबला, मधला स्वर आखडला. तसंच 'मीठ–मिठात', 'फूल–फुलाला'. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांतला ऱ्हस्व हाच. 'शरीर–शरीराला' असे संस्कृत शब्द तेवढे निराळे. म्हणून गुरुजनहो, मुलानं 'मीठात' लिहिलं, तर तांबडी रेघ ओढण्याआधी त्याला तो शब्द मोठ्यानं म्हणायला लावा. नियम त्याच्या जिभेवर आहेच. तो त्याच्या कानाला ऐकू येऊ द्या.