देवाशी दोस्ती



शाळेच्या या बक्षीस समारंभात कोळीनृत्याची मंडळी टोपल्या घेऊन विंगेत ताटकळली आहेत, म्हणून थोडक्यात आटोपतो.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायात येशू शिष्यांना दास नव्हे, मित्र म्हणतो. तेही कधी, तर त्याला अटक व्हायची होती त्या रात्री! देवाला भ्यायला आपल्याला जमतं, परीक्षेपुरती मेणबत्तीही लावता येते. दोस्ती म्हटली की मात्र गाडी अडते.

ही दोस्ती जमलेला एक माणूस सांगतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाक करायचे. आधी शिपाईगिरी केलेली, पाय अधू, त्यात स्वयंपाकाची मनापासून नावड. एकदा मठासाठी द्राक्षारस आणायला बोटीने गेले, तर चालता येईना म्हणून पिंपांवरून लोळत सरकले. पण काम कुठलंही असो, देवाशी बोलणं चालूच. सुरुवातीला मदत मागायची, जमलं तर आभार मानायचे, चुकलं तर सरळ कबूल करून पुन्हा कामाला लागायचं. १६९१ मध्ये ते वारले. त्यांची पत्रं आणि संवाद लोक आजही वाचतात.

आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. म्हणूनच त्यांच्या अभंगांत विठ्ठलाशी बोलावं तशी ख्रिस्ताशी सलगी आहे.

आणि मुलांनो, मित्राशी गोडच बोलावं असं कुठे आहे? बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडा. देवा, तू कुठे आहेस, किती वाट पाहायला लावतोस, अशा तक्रारी तिथे पानोपानी सापडतील. तेव्हा पाठ केलेली प्रार्थना जरूर म्हणा, पण रोज पाच मिनिटं स्वतःच्या भाषेतही बोला. गणिताचा पेपर अवघड गेला, घरी भांडण झालं, कुणाचा हेवा वाटला, सगळं सांगा. मग थोडा वेळ गप्प बसा. ऐकणं हाही दोस्तीचाच भाग आहे.

ही दोस्ती खरी की खोटी, हे चर्चमध्ये कळत नाही. मैत्रीची अट येशूने योहानाच्या त्याच पंधराव्या अध्यायात घातली आहे : एकमेकांवर प्रीती करा. मधल्या सुट्टीत ज्याच्याजवळ कुणी बसत नाही, त्याच्या शेजारी उद्या डबा उघडा. सुरुवात तिथून करा.

बक्षीस मिळालेल्यांचं अभिनंदन, न मिळालेल्यांना पुढच्या वर्षासाठी शुभेच्छा.