पाडता येतील अशी घरं

आज आपण बसल्या जागी एका लांबच्या गावाला जाऊन येऊ. इटली देशाच्या दक्षिणेला पुलिया नावाचा प्रांत आहे, तिथलं हे अल्बेरोबेल्लो गाव.

गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंना बुटकी घरं दिसतात. भिंती चुन्याने पांढऱ्याशुभ्र. वर करड्या दगडाचं निमुळतं छप्पर, कणगीवर टोपी ठेवावी तसं. टोकाला दगडाचा छोटा कळस. अशा घराला तिथे त्रुल्लो म्हणतात. गावात अशी 1500 हून जास्त घरं आहेत.

कोकणातल्या मैत्रिणींना गडगा माहीत आहे. चिखल नाही, चुना नाही, दगडात दगड बसवून रचलेला. त्रुल्लोसुद्धा तसाच रचतात. भिंत दुहेरी, मध्ये बारीक दगडांची भर. छपराला लाकूड नाही. पातळ चिपांचा एकेक थर खालच्या थरापेक्षा जरा आत सरकवत नेतात आणि वरचं तोंड एका दगडाने बंद करतात. दगडांचं वजनच दगडांना धरून ठेवतं. जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात आत गारवा राहतो. त्या भागात पाण्याची टंचाई, म्हणून छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळीने जमिनीखालच्या टाकीत साठवायचे.

दगड तर शेतातच भरपूर निघायचा. पण चुना का लावत नव्हते? त्याची हकीकत तिथे अशी सांगतात. ही जमीन एका सरदार घराण्याची होती. नवं गाव वसवायचं तर नेपल्सच्या राजाची परवानगी घ्यावी लागे, कर भरावा लागे. तो चुकवायला सरदाराने कुळांना हुकूम दिला, घरं कोरडी रचा. तपासणीला माणसं येणार असं कळलं की घरं उतरवायची. म्हणजे राबायचं कुळांनी, घर रचायचं त्यांनी आणि सरदाराने सांगितलं की मोडायचंही त्यांनीच!

शेवटी गावकऱ्यांनी राजाकडेच दाद मागितली. 27 मे 1797 रोजी राजा चौथा फर्डिनांड याने गाव सरदाराच्या ताब्यातून मोकळं केलं. त्याच वर्षी गावात चुना वापरून पहिलं घर उभं राहिलं. ते आजही आहे. राजाच्या परवानगीने बांधल्याचा लेख त्याच्यावर कोरलेला आहे.

पाडता येतील अशी बांधलेली घरं मात्र टिकली. 1996 साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. आता काहींत दुकानं आहेत, काहींत पाहुण्यांची सोय आहे, तर काहींत अजून कुटुंबं राहतात. 2018 साली कोरडा दगड रचण्याच्या कलेलाही युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. त्या वेळी त्यात इटलीसह आठ देश होते.

मैत्रिणींनो, त्या कुळांनी घर हाताने रचलं, पण त्यावर त्यांचा हक्क नव्हता. आपण घर सारवतो, शाकारतो, हप्ते फेडतो. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर नाव कुणाचं आहे? पतीबरोबर पत्नीचं नावही त्यावर लावता येतं. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घराचा उतारा आणायचा. सगळ्यांचे वाचू आणि जिचं नाव नसेल, तिच्याबरोबर मिळून ग्रामपंचायतीत जाऊ.