'स्टार ट्रेक'चे चाहते आणि कामाचा दाम



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमच्या तोंडी बोनस, भत्ता, मस्टर हीच भाषा शोभते. मग 'स्टार ट्रेक' या अंतराळयानाच्या चित्रकथेवर आम्ही काय बोलणार, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती रास्त आहे. पण आमचे शिक्षण वाचनालयात झाले, आणि वाचता वाचता या चित्रकथेच्या चाहत्यांचा इतिहास हाती लागला. तेव्हा वाटले, हा तर आमच्याच धंद्यातला विषय! माणसे एकत्र कशी येतात, काय मिळवितात आणि काय त्यांच्या हातून निसटते, हे त्यात स्वच्छ दिसते.

जीन रॉडनबेरी यांची ही मालिका अमेरिकेत एनबीसी कंपनीने ८ सप्टेंबर १९६६ रोजी दाखवावयास सुरुवात केली. 'एंटरप्राइज' यानावर गोरा कप्तान, आफ्रिकी स्त्री, आशियाई वंशाचा चालक आणि पुढे एक रशियन तरुणही, असे सारे एका पाळीत काम करतात. अमेरिका आणि रशिया यांचे हाडवैर असताना ही कल्पना अनेकांच्या मनाला भिडली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या चाहत्यांनी 'स्पॉकनेलिया' नावाचे हौशी नियतकालिक काढले. ते छापखान्यात छापलेले नव्हते. आपण पत्रके सायक्लोस्टाईलवर काढीत असू, तसेच काढलेले होते. चळवळ तिथेच सुरू झाली, असे आम्ही म्हणतो.

१९६७ च्या अखेरीस मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली. बीजो ट्रिम्बल आणि त्यांचे पती जॉन यांनी विज्ञानकथांच्या वाचकांचे पत्ते गोळा केले आणि पत्रे धाडली. त्यांचा नियम सोपा होता: आपण कंपनीला पत्र लिहावे, दहा जणांना लिहावयास सांगावे, आणि त्या प्रत्येकाने आणखी दहांना सांगावे. जानेवारी १९६८ मध्ये कॅलटेक या विज्ञानसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी बरबँक येथील एनबीसीच्या दारावर मशालींचा मोर्चा नेला. पत्रांचा आकडा कंपनीच्याच मोजणीने लाखावर गेला. अखेर १ मार्च १९६८ रोजी कंपनीने पडद्यावरूनच जाहीर केले की, मालिका चालू राहील.

विजय झाला, पण मालकाने हात आखडला. मालिकेला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली. तरुण प्रेक्षक त्या वेळी घरी कुठला? पैसाही कमी केला. ३ जून १९६९ रोजी मालिका संपली. तरी ७९ भाग तयार झाले होते. स्थानिक केंद्रांवर ते पुन्हा पुन्हा दाखविले गेले आणि चाहते वाढतच गेले. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे संमेलन भरले. चालकांना काहीशे माणसांची अपेक्षा होती. आली तीन हजारांवर. १९७६ साली चाहत्यांनी पुन्हा पत्रे लिहिली आणि अमेरिकेच्या पहिल्या अंतराळ शटलला 'एंटरप्राइज' हे नाव मिळाले. १९७९ साली पहिला चित्रपट आला आणि २०१६ पर्यंत चित्रपटगृहांत तेरा झाले.

आता पैशाचे पाहू. हे ७९ भाग कंपनीला वर्षानुवर्षे उत्पन्न देत राहिले. त्यांत काम केलेल्या नटांना काय मिळाले? त्या वेळच्या करारात पुन्हा दाखविण्याचा मोबदला पहिल्या काही खेपांपुरताच होता. पुढे कितीही वेळा दाखवा, नटाच्या हाती काही नाही. स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड या नटांच्या युनियनने १९७४ साली हे बदलले आणि दर खेपेला मोबदला मिळविला. पण तो नव्या कामाला. आधी झालेल्या कामाला नव्हे.

चाहत्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी मालिका मागितली, त्यांना मालिका मिळाली. लाख पत्रे कार्यक्रम वाचवू शकतात. दाम मात्र करारच ठरवितो.

चाहत्यांनाही पुढे याचा अनुभव आला. काहींनी लोकवर्गणीने स्वतःचा 'स्टार ट्रेक' चित्रपट करावयास घेतला. २०१५ च्या डिसेंबरात सीबीएस आणि पॅरामाउंट यांनी त्यांच्यावर दावा लावला. २०१६ साली हौशी चित्रपटांसाठी नियम आले: एक गोष्ट पंधरा मिनिटांत संपवा, किंवा दोन भागांत तीस मिनिटांत; वर्गणी पन्नास हजार डॉलरांपर्यंतच; आणि काम करणारांना मेहनताना नको. प्रेम चाहत्यांचे, मालकी कंपनीची!

२०२३ साली लेखकांनी २ मेपासून आणि नटांनी १४ जुलैपासून संप पुकारला. इंटरनेटवर चित्रपट पाहिले जातात, त्याचा मोबदला किती, आणि यंत्राने नटाचा चेहरा वा आवाज वापरला तर त्याची संमती कोण घेणार, हे प्रश्न होते. ८ सप्टेंबरला, मालिकेच्या वाढदिवशीच, तिचे लेखक आणि कलावंत पॅरामाउंटच्या दारात फलक घेऊन उभे राहिले. नटांचा संप ११८ दिवस चालला. करारात संमती आणि मोबदला या दोन्ही गोष्टी आल्या.

तरुण मित्रांनो, आवडत्या चित्रपटाच्या बातम्या अवश्य वाचा. नवा कप्तान कोण, यान कसे, हे विचारा. पण त्याच्या जोडीला एवढेही विचारा की, ते यान बांधले कोणी, लिहिले कोणी, आणि त्यांना दाम मिळाला का. दहा जणांना पत्र लिहावयास सांगणारा चाहता हा प्रश्नही दहा जणांना शिकवू शकतो.